खपून गेलेली तबकडी

ओबुयाचं गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान एवढंसं की तीन गिऱ्हाइकं आत शिरली की चौथ्याने रिव्हर रोडवर उभं राहायचं. त्याच्या ओट्यावर मी शिलाई मशीन टाकून बसतो, त्यामुळे नैरोबीतली सगळी गाणी मला फुकट ऐकायला मिळतात आणि सगळी भांडणंही.

मगाक दर शनिवारी यायचा. रेल्वेच्या गोदामात पोती मोजणारा साधा माणूस. पण कडक इस्त्री, चकचकीत बूट आणि चाल अशी, की आगगाड्या याच्याच परवानगीने सुटत असाव्यात. गावी त्याने आपण साहेब झाल्याचं सांगून ठेवलं होतं. ओबुया बऱ्या कपड्यातल्या प्रत्येकाला 'चेअरमन' म्हणतो, नाव विचारायच्या भानगडीत पडत नाही. मला मात्र नाव ठाऊक होतं, कारण आमची गावं शेजारशेजारची.

त्याचा थोरला भाऊ ओलांगो वारला तेव्हा मगाक गावी गेला नाही. आम्हा लुओ लोकांत साहेब झालेल्या भावाने मयताला बैल आणायचा असतो. हा कुठून आणणार? सोंग उघडं पडेल म्हणून त्याने 'रजा नाही' अशी तार ठोकली आणि रजा काढून खोलीत तोंड लपवून पडून राहिला. कळलं तेव्हा माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, रिकाम्या हाताने जा, पण जा!

मग एका शनिवारी ओबुयाने त्याला हाक मारली. "चेअरमन, या या! नवीन माल आलाय. आपल्याकडचाच कुणी ओलांगो गेला, त्याच्यावर गाणं केलंय. गिटार नुसती रडतेय!"

वाजवून दाखवल्याशिवाय ओबुया तबकडी विकत नाही. त्याने सुई टेकवली. आमच्या विलापाच्या गाण्यात मयताला आलेल्यांची नावं घेतात, आणि न आलेल्याला जाबही विचारतात. सासरचे आले, होडीवाले आले, शाळेतली पोरं आली. मग गिटार थांबली आणि गायकाने विचारलं, मगाक, भावावर माती लोटताना तू कुठे होतास?

"कोण हा मेला मगाक?" सुकी मासळी विकणारी अकेलो दारातूनच कडाडली. "जनाची नाही, मनाची तरी ठेवायची!"

"शहरात विरघळला असेल," ओबुया हसला. "काय हो चेअरमन?"

"असतात अशी माणसं," मगाक म्हणाला. त्याच्या ओठांना कोरड पडलेली मला ओट्यावरूनही दिसली. "किती आहेत तुझ्याकडे? सगळ्या दे. मित्रांना वाटायच्यात."

मी दोऱ्याचं टोक तोंडात धरून गप्प बसलो. बुडत्याच्या डोक्यावर आणखी दगड कशाला?

पुढे त्यानेच मला सांगितलं, "फोडायला घेतल्या होत्या. पण वर ओलांगोचं नाव छापलंय रे. हात उचलेना. खाटेखाली सारून ठेवल्यात."

पण रिव्हर रोडचा हिशेब वेगळा. गठ्ठा एका दिवसात संपला म्हणजे गाणं चाललं! ओबुयाने कंपनीकडून आणखी मागवल्या आणि रस्त्याकडे तोंड करून भोंगा लावला. मगाकने पुन्हा सगळ्या उचलल्या. पुन्हा छापल्या गेल्या. बघता बघता बसच्या थांब्यावर, बारमध्ये, न्हाव्याकडे, जिथे तिथे 'मगाक, तू कुठे होतास?' शाळकरी पोरं उशिरा आलेल्या गड्याला त्याच ओळीने चिडवू लागली.

"शहाण्या, तू घेशील तेवढ्या ते छापतील," मी म्हटलं. "गावी जाऊन आईपुढे उभा राहा."

"कोणत्या तोंडाने?" तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी दुकानापुढे ही गर्दी. खुद्द गायक आला होता. गोणपाटात गिटार गुंडाळलेला किडकिडीत माणूस. मगाक कोपऱ्यावरूनच परत फिरत होता, पण ओबुयाने त्याला हेरलं. "आले! चेअरमन आले! गाणं उचललं ते यांनी!"

लोकांनी मगाकला हाताला धरून पुढे आणलं. गायकाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "दादा, तुमच्यामुळे माझ्या घरची चूल पेटली. पुढच्या गाण्यात तुमचं नाव घालणार. उपकार आम्ही असेच फेडतो. काय नाव तुमचं?"

ओबुयाने भोंगा बंद केला. अकेलोही पुढे सरकली. मगाकने माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. खोटं नाव सांगून सुटला असता. मला वाटलं, तो तेच करणार.

"मगाक," तो म्हणाला. "ओलांगोचा भाऊ."

ओबुयाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, त्याला ते आवरता येईना. आता अकेलो त्याला फाडून खाणार असं वाटलं, तर तिने पदराआड तोंड केल्यासारखी नजर दुसरीकडे वळवली. ते शिवीपेक्षा वाईट होतं.

"इथेच होतो," मगाक म्हणाला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. "माझ्या खोलीत. बैल नव्हता म्हणून."

गायकाने त्याचे हात सोडले नाहीत. हळू आवाजात तो म्हणाला, "दादा, बैलाचं कुणी नावही काढलं नाही तिथे. तुझ्या आईने तू येशील म्हणून अंधार पडेपर्यंत खड्डा बुजवू दिला नाही."