लोखंडी पाइपाचा तुकडा

आमच्या ताडकळसच्या घरासमोर कमरेइतका खोल खड्डा आहे, नळाचा. आठ-आठ दिवसांनी नळ येणार, तेही दमानं. म्हणून वरची तोटी काढायची, पाइप जमिनीखाली तोडायचा आणि खड्ड्यात उतरून घागर भरायची, असं गल्लीत बऱ्याच जणांनी केलं होतं. पण आमच्याइतका खोल खड्डा कुणाचाच नव्हता. तो मी खणला होता, आणि मी जे करतो ते जरा जास्तच करतो.

पाइपही मीच निवडला होता. कनेक्शन घेताना फिटिंगवाला म्हणाला होता, इथलं पाणी क्षाराचं आहे, काळा प्लास्टिकचा पाइप टाका, तो आतून भरत नाही. मी नुकताच नोकरीला लागलेलो, घरात शब्दाला वजन आलेलं. उंदीर कुरतडतील, बैलगाडीखाली चेपेल, असं काय काय त्याला ऐकवलं आणि लोखंडी पाइप टाकून घेतला. शेजारच्या मावशीनं काळा टाकला. तिला तोच परवडत होता.

मावशी म्हणजे आईची मैत्रीण. नवरा लवकर गेला, चार शेळ्या आणि रोजंदारी यावर तिनं लेकीला वाढवलं. दोघी बाजाराला एकत्र जायच्या, एकत्र यायच्या, आणि तरी दारात उभ्या राहून अर्धा तास बोलायच्या. वाटेत काय तोंडं शिवली होती का, म्हणून मी चिडवायचो. माझी मुलगी तापातून उठली, तेव्हा महिनाभर मावशी रोज सकाळी तांब्याभर शेळीचं दूध आणून द्यायची.

काही वर्षांनी आमच्या नळाची धार बारीक झाली. आधी करंगळीएवढी, मग दोऱ्याएवढी. मावशीच्या घागरी भरून व्हायच्या, तरी आमची एक अर्धीच असायची. मी खड्डा खणला. थोडा फरक पडला, पुन्हा धार आटली. आणखी खणला. शेवटी मी ठरवून टाकलं की मावशीनं मोटार लावली आहे. गल्लीत दोघा-तिघांनी तसं केलंही होतं. आईला पटत नव्हतं, पण मी जेवताना रोज तेच दळण दळायचो. गुडघे दुखत असताना त्या खड्ड्यात चढउतार करून तीही जेरीस आली होती. एका सकाळी रिकामी घागर खालीच टाकून ती वर आली आणि सगळ्या गल्लीसमोर मावशीला म्हणाली, "मोटार लावून आमचं पाणी वढायलीस, लाज न्हाई वाटत?"

मावशी भांडली नाही. तिनं घराचं दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

"ये. आत येऊन बघ," म्हणाली.

आई पुढे झाली होती. मी तिचा हात धरला. आता काय दाखवणार, लपवली असेल कधीच, असं मी बोललो, तेही मावशीला ऐकू जाईल असं. आई मागे फिरली. ते दार संध्याकाळपर्यंत उघडंच होतं. शेळ्या आत-बाहेर करत होत्या. आमच्यातलं कुणी गेलं नाही.

त्यानंतर दोघी कधी बोलल्या नाहीत. बाजाराला मागेपुढे जायच्या. मावशी थकली तशी लेक तिला पालमला घेऊन गेली. जाताना ती गल्लीतल्या घराघरात जाऊन आली, आमचं घर सोडून. आई खिडकीआड उभी राहून बघत होती.

यंदा आमचा नळ पार बंदच पडला. एका तरुण फिटिंगवाल्यानं उकरून पाइप कापला आणि तुकडा माझ्या हातात दिला. आत नुसता गंज आणि पांढरा थर, पेन्सिल जाईल एवढीही वाट राहिली नव्हती. कुणी टाकला हा, असं त्यानं सहज विचारलं. मी तुकडा आईच्या हातात दिला. आईनं तो तुकडा उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला, मग पदरानं पुसला आणि मला पालमला ने म्हणाली.

एसटीत तिनं तो फडक्यात गुंडाळून मांडीवर धरला होता. मावशी लेकीच्या ओसरीवर खाटेवर बसली होती. आईनं फडकं सोडलं. पुढचं मी सांगितलं, क्षाराचं, गंजाचं, चूक आमच्याच पाइपाची होती ते. मावशीनं तुकड्यात बोट घालून पाहिलं. ते गेलं नाही. तिनं तुकडा आईला परत दिला.

"हे मला कशाला दाखवायलीस?" ती शांतपणे म्हणाली. "माझ्या घरात मोटार न्हाई, हे मला तवाबी म्हाईत होतं."

आईला रडू आवरेना. मावशीनं लेकीला चहा टाकायला सांगितलं. चहा झाला, एकमेकींच्या गुडघ्यांचं विचारून झालं, आणि मग दोघींना बोलायला काही सुचेना. निघताना आईनं तिला चार दिवस घरी चल म्हणून विनवलं. आता न्हाई होत माय, एवढंच ती म्हणाली.

स्टँडवर बसची वाट बघताना मी आईला म्हणालो, की त्या दिवशी हात मी धरला होता, दोष माझा आहे. ती म्हणाली,

"धरलास खरा. पण मला सोडवून घेता आला असता."

आता काळ्या पाइपातून पाणी इतकं जोरात येतं, की बघता बघता घागर भरते. ती भरताना मला दर वेळी लाज वाटते.