नावेतलं डोहाळजेवण

हिवरखेडच्या पार्बतामायचं नाव आधी लिहितो, मग काय घडलं ते सांगतो. सांगण्याच्या ओघात माणूस स्वतःचंच कौतुक करत सुटतो आणि ज्याच्या हातून सगळं निभावलं, त्याचं नाव कुठेतरी कोपऱ्यात राहून जातं. माझी शाळा सातवीलाच सुटली. लिहिण्यात चूकभूल झाली तर पोटात घाला.

मी कोकण किनाऱ्याचा. अकोल्याच्या एका गृहस्थांनी धरणाच्या पाण्यात फिरायला नाव आणली आणि ती चालवायला मला बोलावलं. पुढे त्यांचा उत्साह ओसरला, नाव माझ्या गळ्यात पडली. काळ्या मातीच्या मुलखात मी नाव भाड्याने देतो म्हटलं की आमच्या गावचे लोक अजून हसतात. पण चालतं. पलीकडच्या काठावरच्या देवळात जायला कुणी अख्खी नाव ठरवतं, कुणी लग्नाआधीचे फोटो काढायला. फक्त इंजिनाने जीव खाल्ला होता. एक दुखणं बरं करावं तर दुसरं उभं. रात्री डोळा लागला की स्वप्नातही ते खोकायचं.

गावी होडी पाण्यात लोटण्याआधी आम्ही देवी सातेरीला गाऱ्हाणं घालतो. इथेही मी रोज सकाळी इंजिनावर हात ठेवून तिला हाक मारायचो, पण मनात शंका असायची. सातेरी आमच्या वेशीची राखणदार. इतक्या लांबून तिला ऐकू जात असेल का? इथल्या बायका पाण्यातल्या साती आसरांना मानतात, काठावर त्यांचे शेंदूर लावलेले दगड आहेत. पण त्यांची माझी ओळख नव्हती. परमुलखात माणूस देवालाही दबक्या आवाजातच बोलावतो.

चैत्रात पार्बतामाय मुलाला घेऊन आली. सून पल्लवीला सातवा महिना लागला होता आणि तिचं डोहाळजेवण नावेत करायचं सासूच्या मनात होतं. "फोटोतली नाव नाही पायजे मले, पुठ्ठ्याची. खरी पायजे. हालनारी," असं तिने मला ठणकावलं. ठरल्या दिवशी बायकांनी नाव झेंडूच्या माळांनी अशी मढवली की मलाच ओळखू येईना. पुरुषमंडळी काठावर थांबली. लाइफ जॅकेट घाला म्हटल्यावर एकच कालवा झाला. "एवढी भारी साडी नेसलो अन् वरून हे पोतं कावून घालाचं?" शेवटी सगळ्यांनी घातली. पल्लवीच्या जॅकेटचे पट्टे मात्र पोटावरून जुळेनात. ते तसेच सुटे राहिले.

पार्बतामाय विधवा. सगळा घाट तिचा, पण ओटी भरायची वेळ आली तेव्हा ती आपणहून उठली आणि मागे इंजिनाजवळ माझ्या शेजारी येऊन बसली. कुणी जा म्हटलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. तिथूनच मान उंच करून ती सुनेकडे पाहत होती आणि गाणं चुकलं की मागून ओरडून दुरुस्त करत होती.

ओटी भरून झाली, जेवणं उरकली, गाणी रंगात आली आणि इंजिनातून वाफेचा लोट उठला. थंड पाणी फिरवणारी रबरी नळी उभी फाटली होती. इंजिन बंद करण्यावाचून इलाज नव्हता. जादाची नळी मागच्या आठवड्यातल्या बिघाडात खपली होती, नवी अजून यायची होती. तेवढ्यात वारा सुटला. मी नांगर टाकला, पण तळाला काळ्या मातीचा गाळ, लोण्यासारखा. नांगर धरेना, नाव सरकत राहिली. समोर बुडालेल्या बाभळींची वाळकी खोडं भाल्यांसारखी पाण्यावर आली होती. एक जरी खोड नावेत घुसलं असतं तर? माझं सगळं लक्ष पल्लवीच्या त्या न जुळलेल्या पट्ट्यांकडे. काठावरून तिचा नवरा हात हलवत होता. त्याला वाटलं, आम्ही मजेत आहोत.

मी बायकांकडे पाठ केली, डोळे मिटले आणि म्हटलं, सातेरी असो, आसरा असोत, हे पाणी जिचं असेल तिने या पोरीला सांभाळावं. माझ्याच्याने आता काही होत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या देवीशी बोलतोय हे न ठरवता बोललो.

पाठीवर धपाटा बसला. "पोरा, डोये काहून मिटले? कुठं फाटलं ते दाखव."

मी नळी दाखवली. पार्बतामाय म्हणाली, "शेतातल्या मोटारीचा पाइप फुटला का मी चिंधी आवळून बांधतो. पन हे माहं लुगडं नायलॉनचं हाये, घसरते." आणि तिने पुढे हाक दिली, "पल्लवे, ओटीतला खण दे. सुती हाये तो."

पल्लवीची मावशी दचकली. "अवो, ओटीचा खण फाडते काय कोनी? अन् तुमी तं त्याले हातच नका लावू, बाई."

पार्बतामायचा पुढे केलेला हात तसाच राहिला. मग ती हळू आवाजात बोलली, "ओटी कोनासाठी भरली? लेकरासाठीच ना? मंग लेकराच्याच कामी येऊन राह्यली."

पल्लवीने ओटीतला नारळ बाजूला ठेवला, खण काढला आणि स्वतः वाकून सासूच्या हातात दिला. "घ्या आई."

पार्बतामायने दातांनी खणाचे पट्टे फाडले. मी नळीवर आधी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, वरून तिने पट्टे आवळले, मग दोरी. पुढे मावशीच ओरडली, "पोरीहो, पाहून काय राह्यल्या? ताटं घ्या हातात!" आणि मघाशी जेवलेल्या स्टीलच्या ताटांनी त्या बायका पाणी मागे सारू लागल्या. नाव थांबली नाही, पण तिचं सरकणं मंदावलं. तेवढी फुरसत पुरली. पहिलं खोड हातभर अंतरावर असताना इंजिन चालू झालं. काठापर्यंत पार्बतामाय नळीवर तांब्याने पाणी ओतत होती आणि मी नाव अगदी हळू, पाळणा हलवावा तशी, आणली.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. मी एवढंच जाणतो की मी पाठ फिरवून ज्या मदतीला हाक मारली, ती मदत माझ्या पाठीशीच बसली होती. तिला तिथे रीतीने बसवलं होतं की आणखी कुणी, हे मी आता विचारत नाही. इंजिन अजूनही खोकतं, अजूनही मला घोर लागतो. पण सकाळी इंजिनावर हात ठेवतो तेव्हा पत्ता शोधत बसत नाही. 'तुझं पाणी, तुझी नाव, मी नुसता बसलोय,' एवढं म्हणतो आणि दोरी सोडतो.

उतरताना पार्बतामायने विचारलं, "तुह्या गावाकडं एवढंच पानी हाये का रे?" मी म्हटलं, माय, तिथे पलीकडचा काठच दिसत नाही. ती विचारात पडली. "काठच नाही, तं मंग लोकं जाते कुठं?"

पल्लवीला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पार्बतामाय, मी शब्द देतो. नात चालायला लागली की तुम्हाला माझ्या गावी नेईन, वडिलांच्या होडीत पुढच्या फळीवर बसवीन आणि काठ दिसेनासा होईपर्यंत वल्हवत नेईन.