शेजारच्या गॅरेजमधली दुपार
आज बेसमेंटमध्ये प्लंबरने पाइप जोडायला गॅसचा टॉर्च पेटवला आणि तापलेल्या धातूच्या वासाने मला आम्ही नेपरव्हिलला राहायचो तेव्हाचं शेजाऱ्यांचं गॅरेज आठवलं. त्यांचा मुलगा इराकमध्ये लढत होता. त्याच्या तुकडीवर हल्ला झाल्याचं त्या दिवशी सकाळी कळलं होतं, पुढे काहीच नाही. त्याची आई फोनपाशी बसून होती. मी डबा घेऊन गेले तेव्हा त्याचे वडील गॅरेजमध्ये शिकारीच्या रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या तशाच टॉर्चवर तापवत होते. तोंडाशी रंग बदलला की पुंगळी नरम होते, मग तिच्यात घरीच पुन्हा दारू आणि गोळी भरता येते. पण त्यांनी पुंगळी ज्योतीतच धरून ठेवली होती आणि ती लालभडक झाली होती. “जास्त तापली की वाया जाते,” असं म्हणत त्यांनी दुसरी उचलली आणि तीही तशीच जाळली. तेवढ्यात आत फोन वाजला. “प्लीज, तू जा. माझ्याच्याने ऐकवणार नाही,” ते मला म्हणाले. मी धावले. रिसीव्हर छातीशी धरून त्याची आई रडत होती. “जिवंत आहे गं, पण दोन्ही पाय कापावे लागले.” मी परत आले. “जिवंत आहे,” एवढंच म्हणाले. त्यांनी टॉर्च बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “आणि?” पुढचं मी त्यांना कोणत्या शब्दांत सांगितलं, ते आज काही केल्या आठवत नाही.