न खाल्लेली द्राक्षं

माझे निवृत्तीमामा द्राक्षं खात नाहीत. हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, मामीला सांगितलं, मला तर तीनदा सांगितलं, आणि दर वेळी छातीवर हात ठेवून. दिंडोरीत राहून द्राक्षाला हात न लावणारा माणूस म्हणजे कौतुकच, म्हणून आम्ही सगळ्यांनी ते मानलं.

मामा बागा बघतात. परदेशात माल पाठवणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यांना त्यासाठीच ठेवलंय. जानेवारी ते एप्रिल रोज सकाळी मोटरसायकलवर निघायचं, दहा-बारा बागा फिरायच्या आणि घडांचा खुडा आज करायचा की चार दिवस थांबायचं ते सांगायचं. गोडी मोजायचं यंत्र त्यांच्या खिशात असतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकून डोळ्याला लावलं की आकडा दिसतो. पण मामा आधी मणी तोंडात टाकतात, आकडा बोलून मोकळे होतात आणि मग यंत्र शेतकऱ्याच्या हातात देतात. यंत्राचा आकडा वेगळा आला तर मामा यंत्राकडे असे बघतात की आपणच ओशाळावं.

या कामाची एक रीत आहे. चाखलेला मणी थुंकायचा नाही. शेतकऱ्याने छाटणीपासून चार महिने त्या बागेसाठी जिवाचं रान केलेलं असतं, त्याच्यासमोर त्याचं फळ थुंकणं म्हणजे वाढलेल्या ताटाला पाय लावणं. मामा ही रीत तीस वर्षं पाळत आलेत.

मी अंजली, नाशिकला एका लॅबमध्ये रक्त तपासते, आणि नातेवाइकांना धरून त्यांचंही तपासायची मला वाईट खोड आहे. सहा वर्षांपूर्वी मामांची शुगर अशीच सापडली. रिपोर्ट बघून मामांनी दोन गोष्टी केल्या. आधी घरातल्या सगळ्यांना दम भरला की बाहेर कोणी बोलायचं नाही. शुगरवाल्याच्या जिभेचा काय भरवसा, असं एकदा बागवाल्यांत झालं की कोण उभं करणार? आणि मग त्यांनी मला हार्मोन म्हणजे काय ते शिकवलं.

"आम्ही मणी फुगवायला घडाला जीए देतो ते काय हाय मग? हार्मोनच हाय ना अंजे? चिमूटभर इकडंतिकडं झालं का घड गेला."

तरी मी माझं घोडं दामटलंच. म्हटलं, आपण जेवलो की पोटामागचं स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं. ते स्नायूंना रक्तातली साखर आत घ्यायला लावतं आणि यकृताला साठवायला. उपाशी असलो की त्याच स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन निघतं, मग यकृत साठवलेली साखर परत रक्तात सोडतं. तुमच्या अंगात इन्सुलिन आहे, पण अंग त्याचं ऐकत नाही. मामांनी मामीकडे बघितलं आणि म्हणाले, या घरात माझं चालतं तसंच म्हण की. त्या दिवसापासून यशोदामामीने मामांच्या चहातली साखर बंद केली, आणि सोबत म्हणून स्वतःच्याही चहातली घालवली.

पाच वर्षं गोळ्यांवर निभावलं, उन्हाळ्याच्या तोंडाला थोडी चढायची, पावसाळ्यात उतरायची. या वर्षी मात्र फेब्रुवारीत शुगर तीनशेच्या वर गेली. डॉक्टरांनी खाणं विचारलं. मामीने सगळं घडाघडा सांगितलं, भाकरी किती, भात किती, भाजीत तेल किती. फळं? मामा म्हणाले, द्राक्षाचा मणी खात नाही साहेब. मग काय, इन्सुलिन सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी शुगर तिथेच. डोस वाढला. पुन्हा तिथेच, पुन्हा वाढला. मामा मात्र सुई घ्यायला एक मिनिट इकडेतिकडे करायचे नाहीत. जीए मोजणारा माणूस, तिथे कसूर नाही.

मी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी केली. रक्तातल्या लाल पेशी तेवढे दिवस जगतात आणि जितकी साखर त्यांच्याभोवती फिरली तितकी त्यांना चिकटते. आदल्या दिवशी उपास करून ही तपासणी फसवता येत नाही. तिचाही आकडा वाईट आला, आणि मीही मामीच्या पक्षात गेले. मामा चोरून खातात हे आमचं ठरलं. मामीने गुळाची ढेप तांदळाच्या डब्यात पुरली, साखर कपाटात घालून किल्ली कमरेला लावली. मामा दुपारी घरात शिरले की ती त्यांच्या मिशा तपासायची. इथवर गंमत होती. मग एक दिवस ती म्हणाली, "चोरून खाता ते एकवेळ चालंल. पण माझ्या तोंडावर खोटं बोलता, ते नाय चालायचं." त्यानंतर ती ताट वाढायची आणि आत जाऊन बसायची. मामा एकटे जेवायचे. मला फोन करून म्हणाले, बत्तीस वर्षं झाली लग्नाला, आणि आता मी चोर. आवाज रडवेला होता. मी नेहमीसारखं, पथ्य पाळा, म्हणून फोन ठेवला. त्याची मला अजून लाज वाटते.

होळीला मी दिंडोरीला गेले. खुडायला येणारे पेठ-सुरगाण्याचे मजूर शिमग्याला आपापल्या गावी जातात, चार दिवस कात्री बंद, त्यामुळे मामा आदल्या दिवसापासून घरीच होते. त्या दिवशी सकाळी शुगर चक्क एकशे दहा. मामीने कमरेच्या किल्लीवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मामांनी ठरल्या वेळी ठरली सुई घेतली, मोजलेली अर्धी भाकरी खाल्ली आणि ओसरीत बसले. आत पुरण शिजत होतं. मी चेष्टेने विचारलं, पोळी घेणार का अर्धी? मामांनी संतासारखे डोळे मिटून नकार दिला. मामी खूश झाली. मीही खूश झाले. दोन शहाण्या बायका एका माणसाची शुगर उतरताना बघत खूश होत होत्या.

साडेअकराला मामा चिडायला लागले. पंखा लावा, पंखा बंद करा, पुरणाचा वास कशाला पसरवताय. सदरा घामाने चिंब, हात थरथरत होते. मामीला वाटलं गोडासाठी तळमळताहेत. मग त्यांनी मला विचारलं, "तू कोणाची गं?" मी शुगरचं मशीन आणायला धावले. सत्तेचाळीस. मामीला ओरडून साखर मागितली, तर तिच्या घाबऱ्या हातांना कपाटाचं कुलूप उघडेना. शेवटी मीच तांदळात हात घालून ढेप काढली, फोडून पाण्यात कालवली आणि घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांनी मशीनवर त्र्याहत्तर आले आणि मामांनी मला नावाने हाक मारली. मामी त्यांचा तळवा चोळत होती.

घाम आणि थरथर ही ॲड्रिनलिनची हाकाटी होती. साखर फार उतरली की ते शरीराला जागं करतं. यकृतही धडपडतं. पण अंगातलं आपलं इन्सुलिन साखर उतरली की सुटायचं थांबतं. सुईतून एकदा आत गेलेलं थांबत नाही, ते काही बघत नाही, आपलं काम करत राहतं. प्रश्न एवढाच होता की तीच सुई, तीच भाकरी, आणि मग रोज तीनशेच्या वर असणारे मामा आज सत्तेचाळीसवर कसे?

पोटभर जेवल्यावर मी त्यांना विचारलं, दिवसभर बागेत नेमकं काय करता?

"बघतो."

कसं बघता, म्हटलं. तर घडाच्या खांद्याचा एक मणी, मधला एक, शेंड्याचा एक. शेंडा शेवटी पिकतो, तो गोड लागला की घड झाला. असे एका बागेत सहा घड.

"आणि चाखलेला मणी?"

"गिळतो. थुंकू का मग?"

सहा घड, तीन मणी, बारा बागा. दोनशे सोळा. निर्यातीचे टपोरे मणी, म्हणजे रोजचं किलोभर द्राक्ष. डॉक्टरांनी दीड महिना सुई वाढवली ती या किलोभर द्राक्षांसाठी, आणि होळीला द्राक्षं नव्हती, सुई मात्र होती.

मामा खरंच बुचकळ्यात पडले होते. खाणं म्हणजे ताट घेऊन बसून, चवीने, आपल्यासाठी. हे तर काम. सुताराने लाकूड खाल्लं असं कोणी म्हणतं का? मामी आधी हसली, मग पदर तोंडाला लावून रडली. "खोटं नव्हते हो बोलत तुम्ही," एवढंच म्हणाली, आणि त्या दिवशी ती त्यांच्या शेजारी बसून जेवली.

डॉक्टर मामांपेक्षा मला जास्त बोलले. डोस बराच खाली आणला आणि अट घातली की एकही मणी गिळायचा नाही. मामांचा चेहरा उतरला. थुंकायचं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगितलं की काम गेलं. गिळायचं तर पुन्हा तीनशे. रात्री ते मामीला म्हणाले, यंदाचा हंगाम गिळून काढतो, पुढचं पुढे. मामीने मला फोन लावला.

मजूर परतले. खुडे सुरू झाले. त्या रविवारी मी न विचारता मामांच्या मागे मोटरसायकलवर बसले. पहिली बाग योगेशची. चाळिशीचा पोरगा, मामांना तात्या म्हणतो, त्यांच्या शब्दाबाहेर नाही. मामांनी खांद्याचा मणी तोडला, तोंडात टाकला, चावला आणि तसेच उभे राहिले. गाल फुगलेला, नजर कधी माझ्याकडे, कधी योगेशकडे. हसू यायला हवं होतं, पण मला आलं नाही. मग ते वळले आणि बांधावर थुंकले.

"शुगर हाय मला," मामा यंत्र पुढे करत म्हणाले. "सहा वर्षं झाली. सुई चालू हाय. गोडी साडेसतरा भरंल बघ. पटत नसंल तर दुसरा माणूस बोलाव."

योगेशने यंत्र हातात घेतलं नाही. खाली बघत होता.

"मलापण हाय तात्या. दोन वर्षं झाली, घरी बोललो नाय. म्हणून तर सारखा तुम्हाला बोलावतो. माझ्या बागेचं द्राक्ष कसं लागतं, मला काय माहीत?"

मामांनी त्याच घडाच्या शेंड्याचा एक मणी तोडून त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, चाव, रस जिभेवर फिरव, गिळू नको. योगेशने तोंडात टाकला. चावला. मग डोळे मिटून नुसता उभा राहिला, बराच वेळ.

"थुंक आता," मामा हळूच म्हणाले.