पाठीला दोन बोटं जास्त

"ही कुणाची?"

झेंड्यासमोरच्या रांगेत मी सगळ्यांत पुढं उभी होते. चौथीत असेन. जेऊरजवळच्या गावातली आमची शाळा. आठवडाभर सराव झाला होता आणि गुरुजींनीच मला पुढं काढलं होतं. "हिची पाठ बघा रे. असं उभं ऱ्हायचं." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर हवेत होते. मोठ्या घरचे आबा पाहुणे म्हणून आले. त्यांनी विचारलं, ही कुणाची. गुरुजींनी हळू आवाजात सांगितलं. आम्ही बौद्ध, वस्ती ओढ्याच्या पलीकडं.

आबा हसले. "व्हय का? लई ताठ हाय की."

एवढंच. शिवी नाही, हात उचलला नाही. गुरुजींनी माझा दंड धरला आणि मला शेवटच्या रांगेत नेऊन उभं केलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आई कुंपणापाशी उभी होती. ती आबांच्या शेतात रोजानं जायची. कार्यक्रम संपल्यावर आबा आमच्यासमोरून निघाले, तशी आईनं माझ्या मानेवर हात ठेवला आणि दाबला. इतका दाबला की मला फक्त आबांच्या चपला दिसल्या.

"लेकरू हाय, चुकलं," आई म्हणाली.

काय चुकलं होतं माझं? मी सरळ उभी होते.

मी तेव्हा आबांवर चिडले नाही. आईवर चिडले. कित्येक वर्षं.

लग्न होऊन सोलापूरला आले. नवरा चिंचोळी एमआयडीसीत, मी शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात. पंधरा वर्षं कटिंग करतेय. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरलाय ते मला टेप न लावता कळतं. आणि माझ्याच पोरीचं मला कळलं नाही.

ती आता आठवीत आहे. शाळेत तपासणी झाली तेव्हा डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. "मुलगी पोक काढून चालते. हाडात दोष नाही. सवय आहे. रोज भिंतीला टेकवून उभी करा."

मी कामाला लागले. सकाळी पाणी भरून झालं की पोरगी भिंतीला. टाचा, कंबर, खांदे, डोकं, सगळं टेकलं पाहिजे. ती जमिनीवर वाकून लिहायची, तर शिलाई मशीन बंद करून त्यावर तिची वही मांडली. पट्टा विकत आणला, पण तो काचायला लागला म्हणून ठेवून दिला. "ताठ बस की गं" म्हणून म्हणून माझं तोंड दुखलं. दोन महिन्यांत पोरगी सरळ व्हायला लागली. मला लई आनंद झाला.

मग कारखान्याच्या मालकांच्या बंगल्यावर जायचं निघालं. त्यांच्या नातीचा शाळेच्या कार्यक्रमासाठी ड्रेस शिवायचा होता. मापं लिहून घ्यायला पोरीला बरोबर नेलं. मोठ्या आरशासमोर नात उभी, तिच्या शेजारी वही घेऊन माझी पोरगी. दोघी एका वयाच्या. माझी चार बोटं उंच. आणि सरळ. आरशात बघून माझं काळीज भरून आलं.

मालकीणबाईंनीही आरशात बघितलं. "तुझी पोरगी लई ताठ उभी राहते गं."

त्या हसतच बोलल्या. आणि माझा हात उठला. मी उठवला नाही, तो उठला. पोरीच्या मानेवर गेला आणि दाबला.

"लहान आहे, बाई," मी म्हणाले.

पोरगी वाकली. लगेच. माझा हात तिच्या मानेवर पडायची ही पहिली वेळ नव्हती.

रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "घरी भिंतीला लावतीस आन् हितं मान दाबतीस. मी नेमकं कसं उभं ऱ्हाऊ, आई?"

भर रस्त्यात मला रडू फुटलं.

घरी येऊन तिचे जुने गणवेश काढले. टेप लावला. माणसाला पोक असलं की मागून कपडा उचलला जातो, म्हणून कटिंगवाला पाठीचं कापड जास्त ठेवतो. पाचवीच्या गणवेशाला एक बोट जास्त. सहावीच्याला दीड. सातवीच्याला दोन. हे सगळं मीच कापलं होतं. पोरगी वाकत गेली आणि मी पाठ वाढवत गेले. ते कुणाला दिसू दिलं नाही. मलासुद्धा.

आई गेली तेव्हा आम्ही तिला जमिनीवर झोपवलं, तर तिचं डोकं टेकेना. पाठ तशीच राहिली होती. शेवटी डोक्याखाली लुगड्याची घडी ठेवली. तेव्हाही मी तिच्यावर मनातून चिडलेलीच होते. तिच्या मानेवर कुणाचा हात होता ते मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.

ड्रेस द्यायला पोरीला मुद्दाम नेलं. ती आरशासमोर उभी राहिली. आधी वाकून. माझ्याकडं बघितलं. मग सरळ. मालकीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "हिला जरा मागं उभी कर की."

हात उठायला लागला. मी दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरले.

"नाही बाई. ती इथंच उभी राहील. अशीच."

बाई ड्रेस घेऊन आत गेल्या. कामावर ठेवतील की काढतील, अजून कळलेलं नाही.

आठवीचा गणवेश मी सरळ माणसाच्या मापानं कापला. दोन बोटांचं कापड खाली पडलं. पोरीनं घातला तर मागून अजून उचलला जातो. मैत्रिणी हसतात म्हणाली. हसू देत. दिसू दे सगळ्यांना. मी पाठ वाढवून देणार नाही.