ठिगळ मंडळाचा उन्हाळा

किस्से कोणी जमवत नाही. सायकलच्या चेनमध्ये तेलावर धूळ बसते, तसे ते आपोआप बसतात. पुढे माणूस पेन्शनीत निघतो, गुडघे कुरकुरायला लागतात, आणि प्रत्येक कुरकुरीबरोबर एकेक किस्सा सुटा होऊन बाहेर पडतो. माझा उजवा गुडघा विशेष बोलका आहे. हे बहुतेक त्याचेच किस्से आहेत.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या दरम्यानचा एक उन्हाळा. कांदिवलीत आमचं सायकल मंडळ होतं. सभासद चार. अध्यक्ष नेने मास्तर, शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. दुसरा मनोरीचा पिंटो. तिसरा बबन परब, वीस-एकवीस वर्षांचा, आणि आमच्यात खरोखर सायकल चालवता येणारा एकटाच. चौथा मी, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. सायकल चालवण्यापेक्षा पाण्याचा डबा वाहण्यात माझं कौशल्य जास्त, म्हणून मला मॅनेजर म्हणत.

त्या उन्हाळ्यात आम्ही एकही शर्यत जिंकलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. उगाच आशेवर वाचू नका.

* * *

मास्तरांनी मंडळासाठी नियम केले होते. शिट्टी, गणवेश, प्रार्थना वगैरे. त्यातला एकच टिकला. रविवारी सकाळी आम्ही घोडबंदरपर्यंत जाऊन यायचो. वाटेत "पंक्चर!" अशी हाक आली, की कोणाचं, कशाने, काही न विचारता सगळ्यांनी उतरायचं आणि ठिगळ लागेपर्यंत कोणी पुढे जायचं नाही. हाक मारणारा मंडळाचा असो वा वाटसरू!

एकदा बोरिवलीपाशी एका पाववाल्याने हाक मारली. आम्ही चौघं उतरलो. बबनने ट्यूब काढली, पिंटोने पाण्यात धरून बुडबुडे शोधले, मी सायकल धरली आणि मास्तरांनी ठिगळ गोल कापावं की चौकोनी, यावर व्याख्यान दिलं.

पाववाला टोपलीकडे बघत म्हणाला, "मास्तर, लवकर आटपा. सकाळचे पाव आहेत. तुमचं संपेपर्यंत वाळून बटर होतील!"

त्या दिवसापासून बेकरीत आमचं नाव 'ठिगळ मंडळ' पडलं. मास्तरांना ते लागलं. पण नियम बदलला नाही.

* * *

बबनची गोष्ट वेगळी होती. आम्ही हौसेने दमत होतो, तो गरजेने.

अंधेरीच्या एका कारखान्यात तो टेंपररी होता. तिथले वेल्फेअर ऑफिसर कामतसाहेब, डोक्यावर सोला हॅट आणि हातात सदा स्टॉपवॉच. खेळाचं वेड भारी. त्यांनी बबनला सांगितलं होतं, "या उन्हाळ्यात एका तरी शर्यतीत पहिल्या तिघांत ये. जूनमध्ये तुला कायम करतो. नाहीतर मेअखेर टेंपररीवाले सगळे घरी!"

घरी बबनचे वडील होते. जन्म गिरणीत काढलेले, आता खोकणारे. ते रोज एकच विचारायचे, "सायकल चालवन पोट भरता काय रे? पावसाआधी गावाक चल. भात कोण लावतलो?"

बबन म्हणायचा, "मे संपू दे, बाबा."

मला तर वाटतं, जगात मे महिना संपण्याची इतकी भीती आणि इतकी घाई एकाच माणसाला एकाच वेळी कधी वाटली नसेल.

* * *

पहिली शर्यत नाशिकला, पाडव्याच्या दिवशी. बबनची सायकल दादरला ब्रेकव्हॅनमध्ये चढवली. नाशिकला आम्ही उतरलो, सायकल उतरली नाही. ती मनमाडकडे गेली!

स्टेशनमास्तर म्हणाले, "परत येईल हो. संध्याकाळपर्यंत."

शर्यत सकाळची. शेवटी एका दूधवाल्याच्या हातापाया पडून त्याची सायकल मिळवली. मागे कॅरियर, दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे आकडे. तसाच बबन धावला आणि सातवा आला. तसल्या सायकलवर सातवा म्हणजे चमत्कारच, असं आम्ही म्हणत होतो. तेवढ्यात दूधवाला गर्दीतून पुढे आला. त्याचा चेहरा पडलेला.

"सातवा? माझ्या सायकलवर?" तो म्हणाला. "अहो, भरल्या किटल्या घेऊन मी याच्यापेक्षा लवकर येतो!"

* * *

सरावाचं म्हणाल, तर खरा कोच पिंटो. तसं त्याला शिकवता काहीच येत नव्हतं. तो मनोरीहून सायकल होडीत घालून मार्व्याला उतरायचा. होडीत सायकलीच्या आजूबाजूला बोंबलाच्या पाट्या. त्यामुळे पिंटोची सायकल कितीही धुतली तरी वास कायम. मालाडपासून कांदिवलीपर्यंतची यच्चयावत कुत्री त्याच्या मागे लागायची. पिंटो जीव घेऊन पळायचा.

मास्तरांनी ते पाहिलं आणि बबनला हुकूम सोडला, "रोज संध्याकाळी मार्व्याला जायचं. पिंटोच्या मागे आणि कुत्र्यांच्या पुढे राहायचं!"

पंधरवड्यात बबनचा वेग वाढला. पिंटो मात्र वैतागला. म्हणाला, "मास्तर, याला नोकरी लागेल, पण चावणार मला ना?"

* * *

दुसरी शर्यत ठाण्याला, हनुमान जयंतीला. नाशिकचा धडा घेऊन आम्ही सायकलनेच गेलो. शर्यतीपेक्षा शर्यतीला पोचण्याचं अंतर जास्त भरलं. ऊन असं, की डांबर मऊ होऊन टायरला चिकटत होतं. मी पोचलो तेव्हा मला कोणीतरी शर्यत संपवून आलेला समजून लिंबू सरबत दिलं. मी नाकारलं नाही.

नियम असा, की अर्ध्या वाटेवर एका झाडाखाली स्वयंसेवक बसलेला असेल, त्याच्याकडून लाल फीत घ्यायची आणि परत फिरायचं. बबन तिसरा होता. झाडाखाली पोचला तर स्वयंसेवक, एक म्हातारे गृहस्थ, गाढ झोपलेले. फितींचा जुडगा उशाखाली.

बबन उभा राहिला. खाकरला. पुन्हा खाकरला. तेवढ्यात मागून चौथा आला, त्याने म्हाताऱ्याचं डोकं उचललं, फीत ओढली, डोकं खाली ठेवलं आणि गेला.

बबन चौथा आला.

मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, सायकलला घंटा कशासाठी असते?"

"वाजवली ना, मास्तर," बबन म्हणाला. "हळूच."

* * *

मे उजाडला आणि आम्ही सगळेच कंटाळलो. कशाला, ते सांगता येत नाही. घामाला, धुळीला, एकमेकांच्या तोंडांना. बबन कारखान्यातली पाळी करायचा, मार्व्याला जायचा, परत येऊन जेवायला बसायचा आणि पानावर डुलक्या घ्यायचा. त्याची आई म्हणायची, "ह्येका भूक नाय, झोप वाढा!"

एका सकाळी त्याच्या सायकलला भलताच वास. मास्तरांनी चेनला बोट लावून हुंगलं.

"खोबरेल? चेनला खोबरेल कोणी घातलं?"

"बाबांनी."

"त्यांना सायकल आवडत नाही ना?"

"नाही आवडत."

"मग पूस ते. धूळ धरेल. मुंग्या येतील!"

"राहू दे, मास्तर," बबन म्हणाला आणि निघाला. शेवटच्या शर्यतीपर्यंत ती चेन केसांना तेल लावल्यासारखी चकाकत होती. मुंग्याही आल्या.

* * *

शेवटची शर्यत अंधेरी ते घोडबंदर आणि परत. ठरली होती वैशाखी पौर्णिमेला. पण प्रमुख पाहुण्यांच्या भाचीचं लग्न नेमकं त्याच दिवशी निघालं, म्हणून ती पुढच्या रविवारी ढकलली.

कामतसाहेब शेवटच्या रेषेवर घड्याळ घेऊन उभे राहणार होते. त्यांनी बबनला बजावलं, "हा शेवटचा चान्स हं, परब!"

मंडळाने चौघांची नावं दिली होती. बबन झकास निघाला. मी इतका मागे होतो, की मला शर्यत ही ऐकीव गोष्ट होती. रस्त्याकडेची पोरं ओरडून सांगत होती, "तुमचा काळ्या शर्टवाला दुसरा आहे, काका!" तो घोडबंदरहून परत फिरला, मी अजून जातच होतो, तेव्हाही तेच ऐकलं. दुसरा! गुडघ्याला पहिल्यांदाच बरं वाटलं.

दहिसरच्या अलीकडे वळलो आणि बघतो तर बबन रस्त्याच्या कडेला उकिडवा बसलेला. समोर एक अनोळखी पोरगा, ठाण्याकडच्या कुठल्याशा क्लबचा. त्याचं चाक बसलं होतं, वैतागून तो स्वतःशीच "पंक्चर!" म्हणून ओरडला होता. पुढे असलेला बबन तो शब्द ऐकून उतरला होता.

"अरे, जा ना तू!" पोरगा रडकुंडीला येऊन सांगत होता. "शर्यत चालू आहे!"

"पंप धर," बबन म्हणाला.

मास्तर आधीच पोचले होते. ते ठिगळ कापत होते, गोल. पिंटो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाणी." मी उतरलो आणि डबा दिला. प्यायचं उरलेलं सगळं पाणी बुडबुडे शोधण्यात गेलं. एकेक सायकल आमच्या बाजूने सूं करून जात होती. कोणीतरी ओरडलं, "पिकनिक काय रे?"

मास्तरांनी ठिगळ दाबून बसवलं. व्याख्यानसुद्धा झालं नाही.

हवा भरली. पोरगा सुटला तो पाचवा आला. बबन सहावा.

कामतसाहेब रेषेवर उभेच होते. बातमी त्यांच्यापर्यंत आधी पोचली होती.

"दुसरा होतास तू," ते म्हणाले. "कोण तो? ओळखीचा?"

"नाही, साहेब."

"मग का उतरलास?"

बबनने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"आज रविवार ना, साहेब."

साहेबांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आभाळाकडे बघू लागले. पिंटो हँडल तपासत होता. मी गुडघा चोळत होतो.

"आणि सोमवारी कोणी हाक मारली असती तर?"

"सोमवारी मी कामावर असतो, साहेब."

कामतसाहेबांच्या हातातलं घड्याळ अजून टिकटिकत होतं. ते त्यांनी बंद केलं, खिशात टाकलं आणि हॅट नीट केली.

"बरं," ते म्हणाले. "जूनमध्येही कामावर ये."

बबनने सायकल उचलून वळवली. मग म्हणाला, "येतो, साहेब. पण रविवार सोडून!"