कार्डावर खूण करण्याआधी

मी बाटली पुन्हा हलवली आणि खिडकीच्या उजेडात धरली. पांढरे कण सरसर तळाशी बसले. वर नितळ पाणी. चांगली लस हलवली की बराच वेळ एकसारखी दुधाळ राहते. म्हणजे ही गोठून वितळली होती.

डिसेंबर महिना. लोधीखेड्याजवळच्या एका वस्तीत, बुद्धविहारात आमचा लसीकरणाचा कॅम्प. बाहेर तीसेक बाया कापूस वेचायचा दिवस बुडवून लेकरं घेऊन बसलेल्या.

घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींची ही एकच लस. ती उष्णतेने बिघडते, तशी गोठूनही बिघडते. आरोग्य केंद्राच्या फ्रिजचा चार्ज माझ्याकडे, म्हणजे फार्मासिस्टकडे होता. थंडावा कमी-जास्त करायचा, उन्हाळ्यात वाढवलेला खटका मी हिवाळ्यात कमी केलाच नव्हता. जितकं थंड तितकं चांगलं, असं मीच स्टाफला सांगायचो. घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, आणि नोकरी अजून प्रोबेशनवर.

डॉक्टरसाहेबांना बाजूला बोलावून सांगितलं.

"लेकरांना काही होईल?"

"जीवाला धोका नाही सर. पण उपयोगही नाही."

"मग टोचा. महिन्याचं टार्गेट आहे. या बाया पुन्हा येतील का?"

"सर, कार्डावर 'लस दिली' अशी खूण होईल. आई निर्धास्त राहील. उद्या पोराला घटसर्प झाला तर?"

"तत्त्वज्ञान मला नंतर शिकव. मेमो कोणाच्या नावाने निघेल, माहीत आहे ना?"

"माझ्या."

मी रुजू झालो तेव्हा खोली मिळेपर्यंत याच साहेबांनी मला घरी ठेवून घेतलं होतं. तरी त्यांना नाही म्हणून मी बाटल्या डब्यात परत ठेवल्या.

साहेबांनी कोऱ्या कार्डांचा गठ्ठा पिशवीत परत टाकला. मग म्हणाले, "तूच सांग त्यांना. मी नाही सांगणार."

मी बाहेर आलो. लस खराब झाली आहे, चूक माझी आहे, एवढंच बोललो.

घरोघर फिरून बाया जमवणाऱ्या शेवंताबाई उठल्या. "सकायपासून आमी इथं माशा मारून राहिलो का रे? आता या बायायले मी कोनतं तोंड दाखवू?"

"मावशी, शुक्रवारी नवी लस आणतो."

"अन् तेही खराब निंगाली तं?"

"तं याच्याच पोराले टोचा!" मागून कोणीतरी म्हणालं.

"पयले याचं लगन तं होऊ द्या!"

बाया हसल्या. शेवंताबाई हसल्या नाहीत.

शुक्रवारी निम्म्याच बाया आल्या. शेवंताबाई नातवाला टोचून घेऊन गेल्या, पण माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. उरलेल्या बायांच्या घरी मी नर्सबाईंना घेऊन होळीपर्यंत फिरलो. दोन घरांनी दार उघडलंच नाही. मेमो आला. उत्तरात 'चूक मान्य' एवढंच लिहिलं. प्रोबेशन वाढलं.

खरं बोललो की जबाबदारी संपली, असं मला त्या दुपारी वाटलं होतं. खरं बोलायला पाच मिनिटं लागली. निस्तरायला तीन महिने.